ओव्हनचे ‘सेल्फ क्लीन’ बटण : दाबण्यापूर्वीची जयणा

उन्हाळा सुरू झाला की सांगली, कोल्हापूर, पुणे, नाशिक या भागांतील पुष्कळ घरांतून वडीलधारी मंडळी मुलांकडे परदेशी जावयास निघतात. पेढीची जबाबदारी धाकट्या चिरंजीवांवर सोपवावयाची, सोबत मेतकूट, पापड, खाकरे आणि नातवंडांसाठी लाडू घ्यावयाचे आणि तीन-चार महिने तेथील संसारात रमावयाचे, असा हा आता अंगवळणी पडलेला क्रम आहे. तेथील स्वयंपाकघरात पाऊल टाकताच प्रथम नजरेत भरते ती तिथली शेगडी. वर चार-पाच बर्नर, त्याखाली ओव्हनची भलीमोठी पोकळी आणि तिच्याही खाली भांडी ठेवण्याचा एक खण, अशी ती एकसंध रचना असते. मुंबई-पुण्याच्या नव्या सदनिकांतूनही कपाटात बसविलेले ओव्हन आता दिसू लागले आहेत. यांपैकी अनेक यंत्रांच्या फलकावर ‘सेल्फ क्लीन’ किंवा ‘पायरोलिटिक’ असे एक बटण असते. ते दाबले की भट्टी स्वतःच स्वतःला स्वच्छ करते, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते.

असेच एक घर डोळ्यांपुढे आणावे. न्यू जर्सीतील एडिसन येथे मुलगा-सून राहतात. सांगलीहून आजी-आजोबा आलेले आहेत. आजोबांचा जन्म हळदीच्या पेठेत गेलेला. पोत्यांच्या धुळीने जडलेला दमा आता उतारवयात अधूनमधून डोके वर काढतो. रविवारी मित्रपरिवाराला दाल-बाटीचे जेवण झाले. बाट्या ओव्हनमध्ये भाजल्या गेल्या, त्यांवरचे साजूक तूप तळाशी ठिबकले आणि करपले. आदल्या पंधरवड्यातील हांडव्याचे तेल आणि नानकटाईची साखर तेथे आधीच चिकटून बसलेली होती. सून दिवसभर नोकरीवर. तिचे एक काम हलके करावे, असे आजींच्या मनात आले. सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे उरकलेली, स्वयंपाकघर मोकळे, शेगडी विझलेली. आता बटण दाबून निजावे, सकाळी भट्टी लखलखीत झालेली असेल, असा त्यांचा साधा हिशेब. पलीकडच्या खोलीत नातीच्या मैत्रिणीने सुटीपुरते सांभाळावयास दिलेले बजरीगर पक्ष्यांचे जोडपे पिंजऱ्यात डोळे मिटून बसले होते. बोट बटणापाशी पोहोचले तोच सून आत आली आणि म्हणाली, “आई, आज नको. हे बटण रात्री दाबायचे नसते. आणि पाखरे घरात असताना तर मुळीच नाही.”

सुनेच्या या दोन वाक्यांत जे सामावले आहे, ते नीट उलगडून पाहण्याजोगे आहे.

आत नेमके काय घडते?

ओव्हनमध्ये पदार्थ भाजताना तापमान सर्वसाधारणपणे १५० ते २५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. स्वयंस्वच्छतेच्या आवर्तनात हेच तापमान ४५० ते ५०० अंशांपर्यंत नेले जाते आणि दोन ते चार तास तेथेच टिकविले जाते. या प्रखर उष्णतेत तूप, तेल, साखर, पीठ यांचे थर वितळत नाहीत, तर त्यांचे विघटन होऊन ते जळून जातात. मागे उरते ती चिमूटभर करडी राख. या क्रियेला पायरोलिसिस म्हणतात. साबण नाही, घासणी नाही, रसायन नाही. केवळ उष्णतेने केलेली ही शुद्धी आहे.

ही कल्पना प्रत्यक्षात आली ती अमेरिकेत. १९६३ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या कंपनीने असा घरगुती ओव्हन बाजारात आणला. अशा तापमानाला दार उघडले गेल्यास अनर्थ ओढवेल, म्हणून आवर्तन सुरू होताच दाराला आपोआप कुलूप लागावे आणि आतील उष्णता पुरेशी उतरेपर्यंत ते उघडू नये, ही योजना अशा यंत्रांत अंगभूतच असते. भिंतींतील उष्णतारोधक थरही अधिक जाड असतो.

तथापि बाजारात ‘आपोआप स्वच्छ होणारा’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक ओव्हन या जातीचा नसतो. काहींमध्ये तळाशी पेलाभर पाणी ओतून अर्धा-पाऊण तास मंद वाफ दिली जाते. त्याने थर मऊ होतो, पण पुसण्याचे काम हातानेच करावे लागते. काहींच्या बाजूंना खरखरीत लेपाचे पत्रे असतात. दोनशे अंशांच्या पुढे भाजणी चालू असताना ते पत्रे तुपाचे शिंतोडे शोषून जाळत राहतात. भारतातील घरोघरी दिसणाऱ्या छोट्या ओटीजीमध्ये यांपैकी कोणतीच सोय नसते. म्हणून पहिले पाऊल हे, की आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे ते त्याच्या पुस्तिकेतून समजून घ्यावे. वाफेच्या ओव्हनला पायरोलिसिसचे नियम लावण्याची गरज नाही. पायरोलिसिसच्या ओव्हनला मात्र वाफेच्या ओव्हनइतके सहज घेणे धोक्याचे ठरते.

धूर दिसतो, वायू दिसत नाही

जळणाऱ्या तुपातेलातून अक्रोलिन नावाचा उग्र वायू निघतो. फोडणी करपली की डोळ्यांना जी झोंबणी लागते, तिच्यामागे मुख्यतः हाच असतो. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइडही निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणूनच तो अधिक कपटी आहे. डोके जड होणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे साध्या थकव्यासारखी भासतात आणि झोपलेल्या माणसाला तर ती जाणवतही नाहीत. थंडीमुळे दारे-खिडक्या घट्ट मिटलेल्या घरात हा वायू साचत जातो. नवा ओव्हन प्रथमच अशा रीतीने तापविला जातो तेव्हा आतील उष्णतारोधक थरातील चिकट द्रव्येही जळतात आणि वास व धूर नेहमीपेक्षा अधिक होतो.

निरोगी, जागत्या माणसाला उघड्या खिडकीपाशी यातून सहसा इजा होत नाही. परंतु दमेकरी, हृदयविकार असलेले, तान्ही बाळे आणि गर्भवती स्त्रिया यांनी त्या वेळी घरात न थांबणे हेच श्रेयस्कर. आजोबांसारख्यांनी तो वेळ बागेत, वाचनालयात किंवा शेजाऱ्यांकडे घालवावा.

पक्ष्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. पक्ष्याची श्वसनरचना माणसापेक्षा निराळी असते. फुप्फुसांना जोडलेल्या वायुकोशांमुळे त्याच्या शरीरातून हवा जवळजवळ अखंड वाहत राहते आणि श्वास घेताना व सोडताना, दोन्ही वेळी प्राणवायू शोषला जातो. उंच भरारीसाठी निसर्गाने दिलेली ही देणगी विषारी हवेत मात्र घातक ठरते, कारण विषही तितक्याच वेगाने रक्तात उतरते. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून नेले जात, ते याच कारणाने. माणसाला कळण्याआधी पक्षी कोसळे आणि खाणकामगार जीव वाचवून वर येत.

स्वयंपाकघरात याला आणखी एक जोड मिळते. न चिकटणाऱ्या तव्यांवरील लेप पीटीएफई नावाच्या द्रव्याचा असतो. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना प्रयोगशाळेत अकल्पितपणे सापडलेले हे द्रव्य २६० अंशांच्या वर बिघडू लागते आणि साडेतीनशेच्या पुढे त्याचे विषारी वायूंत विघटन होते. असा तवा किंवा लेप दिलेली जाळी आवर्तनाच्या वेळी आत राहून गेली, तर घरातील पाखरे काही मिनिटांत दगावू शकतात. माणसालाही त्या वायूने थंडी-तापासारखा त्रास होतो. पिंजरा दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावणे पुरेसे नाही. वायू फटींतून आणि वातानुकूलनाच्या नळ्यांतून सर्वत्र फिरतो. पाखरे त्या दिवशी दुसऱ्याच घरी पोहोचवावीत आणि आवर्तन संपून, घरातील हवा पूर्ण बदलल्यावरच परत आणावीत. ज्यांच्या घरात पाखरे कायमचीच आहेत, त्यांनी हे बटण विसरावे आणि ओव्हन हातानेच पुसावा, हे सर्वांत निर्धोक.

बटण दाबण्यापूर्वी

जैन घरांत जयणा हा शब्द लहानपणापासून कानांवर पडतो. पाणी गाळताना, धान्य निवडताना, चूल पेटवण्यापूर्वी सरपण झाडून पाहताना जे डोळसपण अपेक्षित असते, तेच येथेही लागू पडते. गोड कणांच्या वासाने मुंग्या आणि झुरळे ओव्हनच्या तळाशी व मागील फटींत वस्तीला येतात. पाचशे अंशांच्या भट्टीत त्यांना सुटका नाही. म्हणून आदल्या दिवशीच दार उघडे ठेवून, दिव्याच्या उजेडात आतील कोपरे पाहावेत, मऊ कुंचल्याने कण झाडावेत आणि एखादा जीव आढळल्यास त्याला अलगद बाहेर जाऊ द्यावे. हीच झाडलोट सुरक्षिततेच्या दृष्टीनेही अत्यावश्यक असते, कारण तुपाचा जाड थर किंवा सांडलेला पाक तसाच राहिला तर तो धुमसण्याऐवजी पेट घेतो. जेवढे ओल्या फडक्याने निघेल तेवढे आधी काढून घ्यावे. यंत्रासाठी केवळ हट्टी डाग ठेवावेत.

त्यानंतर आतील सर्व वस्तू बाहेर काढाव्यात. भाजण्याची भांडी, ॲल्युमिनियमचा कागद, सिलिकॉनचे साचे, तापमापक, यांतील काहीही आत राहू नये. तळाला अंथरलेला ॲल्युमिनियमचा कागद या उष्णतेत मुलाम्याला कायमचा चिकटतो. चकचकीत धातूच्या जाळ्या आत राहिल्यास काळवंडतात आणि पुढे खाचांतून नीट सरकत नाहीत. त्या काढून साबणाच्या पाण्यात भिजत ठेवाव्यात. पुस्तिकेत जाळ्या आत ठेवण्यास स्पष्ट परवानगी असेल तरच त्या ठेवाव्यात.

ओव्हनखालच्या खणाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तेथे प्लॅस्टिकचे डबे, कागदी पिशव्या, लेपाचे तवे कोंबलेले असतात. तो खण रिकामा करावा. शेगडीच्या वर ठेवलेली तेलाची बाटली, कापडी हातरुमाल आणि मसाल्यांचे डबेही दूर करावेत.

दाराच्या कडेने फिरणारी विणलेली पट्टी ही उष्णता आत कोंडून ठेवणारी रखवालदार आहे. ती घासू नये, ओली करू नये. पट्टीच्या बाहेरची चौकट आणि दाराचा कडेचा भाग मात्र आधी हाताने पुसावा, कारण तेथपर्यंत पुरेशी उष्णता पोहोचत नाही आणि डाग तेथेच भाजून पक्का होतो. बाजारात फवाऱ्याच्या डब्यात मिळणारी ओव्हन साफ करण्याची रसायने या जातीच्या ओव्हनमध्ये वापरू नयेत. त्यांतील तीव्र क्षाराचा अंश मागे राहिला, तर तापल्यावर तो मुलामा खातो आणि त्याची वाफ श्वासाला अपायकारक ठरते.

भारतात आणखी एका गोष्टीची खातरजमा करणे इष्ट. कपाटात बसविलेला विजेचा ओव्हन तीन किलोवॅट किंवा त्याहून अधिक भार घेतो. २३० व्होल्टवर हा प्रवाह तेरा अँपिअरहून अधिक भरतो आणि तो सलग काही तास वाहत राहतो. म्हणून त्याला स्वतंत्र वायरिंग आणि स्वतंत्र एमसीबी असावा. जोडणीसाठी एक्स्टेंशन बोर्ड कदापि वापरू नये. वीज वारंवार जाणाऱ्या दिवसांत हे आवर्तन सुरू करू नये, आणि इन्व्हर्टरवर तर मुळीच नको.

आवर्तन चालू असताना

चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर स्वयंपाकघर मोकळे असते, त्यामुळे रात्रीची वेळ सोयीची वाटणे स्वाभाविक आहे. आजींचा हिशेब तेथेच चुकला होता. या कामाला सोयीची वेळ म्हणजे सर्वांची न्याहारी झाल्यानंतरची सकाळ. बाहेरची हवा मोकळी असावी, खिडक्या उघडता याव्यात आणि घरात किमान एक प्रौढ व्यक्ती जागी असावी. बटण दाबून झोपणे किंवा देरासरात, बाजारात निघून जाणे, दोन्ही टाळावे. दुपारच्या जेवणाचा पदार्थ आधीच तयार असावा, कारण तेवढा वेळ वरच्या बर्नरवरही काही न शिजवणे हेच योग्य.

समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात, चिमणीचा पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवावा. धूर झाला म्हणून धूरसूचक किंवा कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे उपकरण बंद करून ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. ते वाजले तर हवा अपुरी आहे, हेच ते सांगत असते. ज्या घरात असे उपकरण नाही, तेथे ते आधी बसवावे. दाराची काच आणि बाहेरचे पत्रे नेहमीपेक्षा अधिक तापतात. रांगणारे मूल आणि भिंत धरून उभे राहणारे मूल तेथे फिरकता कामा नये.

काचेतून क्वचित आत ज्वाळा दिसली, तर प्रथम धीर धरावा. दार उघडण्याचा प्रयत्न करू नये. बंद भट्टीत प्राणवायू संपला की ज्वाळा आपोआप मंदावते; दार उघडले की ताज्या हवेने ती उसळते. आवर्तन रद्द करावे आणि मुख्य फलकावरून ओव्हनची वीज तोडावी. गॅसचा ओव्हन असेल आणि हात सुरक्षित पोहोचत असेल तर गॅसही बंद करावा. ज्वाळा बाहेर येऊ लागली किंवा धूर वाढतच गेला, तर सर्वांनी घराबाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे. अमेरिकेत हा क्रमांक ९११, भारतात १०१ किंवा ११२. विजेवर चालणाऱ्या यंत्रावर पाणी ओतू नये.

संपल्यानंतर

आवर्तन संपले तरी दार लगेच उघडत नाही. तास-दीड तास उष्णता उतरेपर्यंत कुलूप तसेच राहते. सुरी किंवा पेचकस घालून ते उघडण्याचा आटापिटा करू नये. मधेच वीज गेली तरी भट्टी निवेपर्यंत दार बंद राहणे हेच हिताचे. ओव्हन पूर्ण गार झाल्यावरही दार उघडले नाही, तर काही मिनिटे वीज बंद करून पुन्हा सुरू करून पाहावे. तरीही न उघडल्यास तंत्रज्ञाला बोलवावे. गरम काचेवर थंड पाणी पडल्यास ती तडकते, हे विसरू नये. गार झालेल्या भट्टीतील राख ओल्या फडक्याने टिपून घ्यावी; कोरडी झाडल्यास ती हवेत उडते. खिडक्या त्यानंतरही काही वेळ उघड्या ठेवाव्यात.

या प्रखर उष्णतेचा ताण यंत्रावरही पडतो. अतितापापासून रक्षण करणारा फ्यूज, दाराचे कुलूप, नियंत्रणाचा फलक यांतील एखादा भाग या आवर्तनातच बिघडण्याची शक्यता अधिक. म्हणून पाहुणे यावयाच्या आदल्या दिवशी, पर्युषणातील पारण्याच्या तोंडावर किंवा दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यात हे काम काढू नये. निदान पंधरा दिवस आधी ते उरकावे, म्हणजे काही बिघडले तरी दुरुस्तीला अवधी मिळतो.

वास्तविक शाकाहारी घरातील ओव्हनला या अग्निस्नानाची गरज फारशी पडत नाही. दर वेळी भाजणी झाल्यावर, ओव्हन कोमट असताना पुसला, तर थर साचतच नाही. डाग राहिलाच तर खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून त्याचा लेप द्यावा, काही तास राहू द्यावा आणि ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून काढावा. तापणाऱ्या सळ्या आणि दाराची पट्टी यांना तो लागू देऊ नये. बाटी भाजताना खालच्या जाळीवर एक रुंद ताट ठेवले, की तूप तळापर्यंत जातच नाही. वर्षातून एक-दोनदा आवश्यक वाटलेच, तर वरील सर्व काळजी घेऊन बटण खुशाल दाबावे.

एडिसनच्या त्या घरात पुढच्या शनिवारी तसेच झाले. पाखरांचा पिंजरा आदल्या संध्याकाळीच मैत्रिणीच्या मावशीकडे पोहोचला. आजोबा नातीचा हात धरून वाचनालयात गेले. सासू-सुनेने मिळून खालचा खण रिकामा केला, तेव्हा मागच्या कोपऱ्यात एक जुना लेपाचा तवा सापडला. सुनेने तो तेथे ठेवला होता आणि पार विसरून गेली होती. रविवारच्या त्या रात्री तो तेथेच होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि आजींनी तो तवा उचलून ओसरीत नेऊन ठेवला. मग खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि सकाळी साडेनऊला सुनेने बटण दाबले.